कर्ण्यातली बाई

शनिवार, ता. ४ मार्च १८९९

पुतळाबाई येऊन गेल्या. पाटावर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "अंबिकाबाई, माझ्या दोन मास्तरणी प्लेगला भिऊन गावी गेल्या, त्या काही आता परतत नाहीत. तुम्ही या शिकवायला."

पुतळाबाई म्हणजे खोताच्या वाडीमागे मुलींची शाळा आहे तिच्या हेडमास्तरीण. विधवा बाई, पण बोलायला लागल्या की समोरच्याने आपोआप सरळ बसावं. दोन वर्षं रोगापायी शाळा कधी उघडी, कधी बंद. आता जूनात नव्याने मांड मांडायची आहे आणि मुली आहेत तर शिकवायला कोणी नाही.

मला आनंद झाला. कोणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते. इतका झाला की त्या उठल्या तेव्हा मी कुंकवाचा करंडा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. विधवेपुढे! त्यांनीच करंडा हळूच बाजूला सारला आणि म्हणाल्या, "जूनात या."

वडील रेवदंड्याला शाळामास्तर, त्यांनी शिकवलं. लग्नानंतर स्वारीने हौसेने पुढचं शिकवून सहावीच्या परीक्षेला बसवलं. मित्रमंडळींत "आमच्या घरात विदुषी आहे" असं सांगायची स्वारीला भारी आवड. पण ती विदुषी आजवर माळ्यावरच्या घंगाळासारखी, पाहुण्यांना दाखवायची आणि परत वर ठेवायची.

सासूबाई म्हणाल्या, "गंगाधर येऊ दे घरी. तो म्हणेल तसं."

(नाव लिहिताना पाप लागत नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. तोंडाने मात्र लग्न झाल्यापासून एकदाही नाही. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, ही आईची शिकवण.)

मंगळवार, ता. ७ मार्च

स्वारी म्हणाली, विचार करू. बाहेर रोगराई आहे, रस्त्यात नाही नाही ते लोक असतात. खालच्या मजल्यावरच्या कमलचा नवरा गेल्याच आठवड्यात गाठीच्या तापाने गेला. माझी काळजी वाटते म्हणूनच ना. मी हट्ट केला नाही.

रविवार, ता. ९ एप्रिल

फोर्टात ज्या शेटजींच्या दुकानाचा कारभार स्वारी पाहते, तिथे घड्याळं आणि शिवणयंत्रं विलायतेहून येतात. आता बोलकं यंत्र आलं आहे. फोनोग्राफ म्हणतात. त्यातलं एक आज घरी आलं. लाकडी पेटी, तिला चावी, वर मेणाची नळी फिरते आणि पुढे पितळेचा कर्णा. कर्ण्यात बोललं की मेणावर बारीक रेघ उठते आणि त्या रेघेवरून सुई फिरवली की बोललेलं परत ऐकू येतं. सासूबाईंनी आधी कर्ण्याला कुंकू लावलं, मग कोणी आत आहे का ते डोकावून पाहिलं.

मला बोलायला लावलं. मी दोनाचा पाढा म्हटला. परत ऐकला तेव्हा वाटलं, ही कोण बाई नाकात बोलते? स्वारी टाळ्या वाजवत म्हणाली, "सुटला तुझा प्रश्न! तुला शाळेत जायला कशाला हवं? तुझा आवाज जाईल. ना रोग, ना ट्रामची धक्काबुक्की, ना लोकांची तोंडं. आवाजाला ह्यातलं काहीच बाधत नाही."

युक्ती मोठी आहे हे खरं. सगळ्या मुंबईत असं कोणी केलं नसेल. मला हुरूपही आला. फक्त एक समजत नाही. मी विचारलं होतं, जाऊ का? आणि उत्तर असं मिळालं की मी न जाता माझं जाणं झालंदेखील. गणित कुठेतरी चुकलं आहे, पण पायरी सापडत नाही.

सोमवार, ता. १२ जून

शाळा सुरू झाली. पाढे, कविता, भूगोलाची माहिती अशा नळ्या कापसात ठेवून पेटीत भरल्या आणि हमाल यंत्र घेऊन निघाला. मी खिडकीत आणि माझा आवाज हमालाच्या डोक्यावर. गल्लीच्या तोंडाशी त्याने कोळणीशी भांडण काढलं, तेव्हा पडतोय की काय म्हणून माझाच जीव वरखाली झाला.

पुतळाबाईंनी पर्याय नाही म्हणून होकार दिला. स्वारीला म्हणाल्या, "मी बाई मागितली होती. बरं, आवाज तर आवाज."

शनिवार, ता. २४ जून

ह्या नळ्या मेणाच्या, सुईने झिजतात. थोडे दिवस वाजवल्या की बोबड्या होतात. म्हणून शनिवार-रविवारी यंत्र घरी आणायचं, नळ्या तासून कोऱ्या करायच्या आणि मी सगळं पुन्हा म्हणायचं. म्हणजे हे एकदा बोलून सुटले असं नाही. हे दळण आहे.

माजघराच्या खिडक्या लावून घेतात, कारण ट्रामची घंटा आत येता कामा नये. दाराला आतून कडी. पंखा हलवायचा नाही, त्याचाही आवाज उतरतो. बांगड्या किणकिणतात, त्या काढा म्हणावं तर सासूबाई घर डोक्यावर घेतील. म्हणून दोन्ही हातांना फडकी गुंडाळून बसते. घामाच्या धारा लागतात आणि कर्णा तोंडाला इतका जवळ, की समोर त्या काळ्या भोकाशिवाय दुसरं काही दिसत नाही. आज पाचाचा पाढा म्हणताना मला खोकला आला. स्वारी म्हणाली, राहू दे, पाठ स्वच्छ उतरलाय.

रविवार, ता. ९ जुलै

काल एका सभागृहात स्वारीचं व्याख्यान झालं, विषय "विज्ञान आणि स्त्रीशिक्षण". शेवटी यंत्र लावून माझ्या आवाजातली कविता ऐकवली. टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणे. कोणीतरी विचारलं, अशी सुशिक्षित स्त्री प्रत्यक्ष पाहायला मिळेल काय? स्वारी म्हणाली, ती घरंदाज आहे. पुन्हा टाळ्या.

हे सगळं मला जेवताना कौतुकाने सांगितलं. आता ठाण्याच्या आणि अलिबागच्या शाळाही नळ्या मागताहेत. मी वाढत होते. ठाणे आणि अलिबाग. लग्न होऊन मुंबईला आल्यापासून मी भायखळ्यापलीकडे गेलेली नाही.

गुरुवार, ता. २० जुलै

आज शाळेत शाळाखात्याचे डिपुटी तपासणीला आले होते. काय घडलं ते पुतळाबाईंनी घरी येऊन, उभ्या उभ्या, स्वारीला सांगितलं. मी दाराआड.

डिपुटींनी विचारलं, हिंदुस्थानातल्या मोठ्या नद्या कोणत्या? मुलींना आनंदच झाला, तोंडपाठ होतं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "सिंधू, आमच्या ह्यांच्या नावाची, यमुना, ब्रह्मपुत्रा, नर्मदा, तापी..."

डिपुटींनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. मग त्यांनी तुळसा नावाच्या मुलीला उभं केलं. "ही कोणाच्या नावाची नदी?"

"ह्यांच्या."

"हे म्हणजे कोण?"

"ठाऊक नाही, साहेब. बाईंना ठाऊक असेल." आणि तिने कर्ण्याकडे बोट दाखवलं.

मग पाचाचा पाढा झाला. पाच सक तीसच्या पुढे सगळ्या मुली मिळून खोकल्या.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबून हसले आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तसं म्हटलं होतं हे मला आठवतसुद्धा नाही. देवघरातल्या गडूतलं पाणी, पूजेतले सात नद्यांचे श्लोक, जिथे जिथे ते नाव येतं तिथे जीभ आपली वाट सोडून दुसरीकडून जाते. घरोघरी बायकांची अशीच जाते, म्हणून कोणाला खटकत नाही. पण स्वारीने ती नळी माझ्यासमोर तीनदा लावून ऐकली होती आणि "स्वच्छ आली" म्हणाली होती. म्हणजे ऐकलं काय होतं?

जाताना पुतळाबाई म्हणाल्या, "गंगाधरपंत, त्या स्वतः आल्या असत्या तर त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला असता. तुमच्या यंत्राला फळा नाही. अजून जागा रिकामी आहे."

त्या गेल्यावर स्वारीने दार लावून घेतलं. मग म्हणाली, "एका शब्दासाठी! एका शब्दासाठी माझं हसं."

शनिवार, ता. २२ जुलै

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

सकाळीच नवी नळी लावून स्वारी म्हणाली, "म्हण. सिंधू, आणि पुढे नीट म्हण."

सासूबाई देवघरातून तरातरा आल्या. "अरे, ती नाव घेणार नाही. रोग दाराशी येऊन टेकलाय आणि तू बायकोच्या तोंडून नाव वदवतोस?"

"आई, तिने नाव घेतलं म्हणून मी मरत नाही. एवढं विज्ञान मला कळतं."

"तुला कळतं रे. यमाला कळायला हवं ना!"

"मी सुधारक माणूस आहे. माझी परवानगी आहे."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. इकडे आड, तिकडे विहीर. मी सुरू केलं. सिंधू म्हटलं आणि थांबले. नळी फिरत राहिली. ती तासून पुन्हा लावली, पुन्हा थांबले.

खरं लिहिते. कमलने तिच्या नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं, तरी तो गेलाच. हे मला कळतं. भूगोल शिकलेल्या बाईला एवढं कळायलाच हवं. तरी तो शब्द ओठाशी आला की आईची शिकवण आडवी येते. हे एक कारण. दुसरं मी कोणालाच सांगितलं नाही. ही नळी पुरी झाली की शाळेला माझी गरज उरणार नाही. म्हणून सासूबाईंच्या पदराआड लपले. सात वर्षांत पहिल्यांदाच तो पदर मला उपयोगी पडला.

तिसऱ्या खेपेला मी थांबले, तशी स्वारी माझ्या खांद्यावरून वाकली आणि कर्ण्यात तोंड घालून गरजली, "गंगा!" मग मला हाताने खूण केली, पुढे चल. माझ्या तोंडून यमुना निघून गेली.

यंत्र परत लावलं. माझा आवाज, मध्येच तो एक घोगरा शब्द, पुन्हा माझा आवाज. सासूबाईंचं समाधान झालं. स्वारीला आपल्या हुशारीचंच कौतुक वाटलं. मला राग आला. पुन्हा लिहिते, मला राग आला. माझ्या हातात एक रिकामी जागा होती, तीही भरून टाकली.

शनिवार, ता. ५ ऑगस्ट

जिन्यात मुली सागरगोटे खेळत होत्या आणि खेळता खेळता नद्या म्हणत होत्या. सिंधू बारीक आवाजात. मग सगळ्यांनी हनुवटी छातीला टेकवून, घसा फाडून, "गंगा!" मग पुन्हा बारीक आवाजात यमुना. सासूबाई म्हणाल्या, "ह्या कार्ट्या मध्येच रेड्यासारख्या का ओरडतात गो?" मी म्हटलं, भूगोल आहे.

शुक्रवार, ता. १८ ऑगस्ट

आज मी शाळेत गेले.

बक्षीससमारंभ होता. त्यात यंत्राबद्दल स्वारीचा सत्कार, म्हणून मला आणि सासूबाईंनाही न्यायचं ठरलं. वाट एवढीशी. खोताच्या वाडीतली लाकडी घरं ओलांडून क्रुसापाशी वळलं की शाळाच. एवढीशी वाट मला चालावी लागू नये म्हणून केवढी तयारी चालली होती घरात! हमालालाही दम लागत नसेल.

हारतुरे झाल्यावर पुरुषमंडळी फराळाला बसली आणि पुतळाबाई मला हाताला धरून दुसऱ्या इयत्तेच्या वर्गात घेऊन गेल्या. भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा, टेबलावर माझ्या ओळखीचा कर्णा, आणि समोर जाजमावर मुली. किती दिवस मी ह्यांना शिकवते आहे आणि वर्गात बसलेलं एकीचंही तोंड पाहिलेलं नाही. मला भरून आलं. पुढे बसलेल्या मुलीला मी विचारलं, "तुझं नाव काय ग?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "तुझं नाव काय ग?"

मला वाटलं चेष्टा करतात. मी म्हटलं, "नाही ग, मी विचारते आहे."

"नाही ग, मी विचारते आहे."

चेष्टा नव्हती. तोंडं अगदी शहाण्यासारखी, हात मांडीवर. हा आवाज आला की तो काय विचारतो ते ऐकायचं नसतं, मागून म्हणायचं असतं. एक चिमुरडी तर माझ्याकडे न बघता कर्ण्याकडे बघून म्हणत होती. दारातल्या बायका खो खो हसू लागल्या. पुतळाबाई हसल्या नाहीत. "पाहिलंत?" एवढंच म्हणाल्या.

मला रडू आलं. मुलींसमोर रडायचं नाही म्हणून मी खाली जाजमावर बसले, एकीची पाटी ओढून घेतली आणि गंगा काढायला लागले. हिमालय, मग वाकडीतिकडी रेघ, काशी, कलकत्ता, समुद्र. नाव लिहिलं. काही बोलले नाही. मुली सरकत सरकत जवळ आल्या. मग माझ्या खांद्याशी कोणीतरी म्हणालं, "बाई, एवढं गोड पाणी खाऱ्या समुद्रात जातं, मग ते फुकटच नाही का गेलं?"

तीच तुळसा. मी अगदी हळू, तिच्या कानाशी सांगितलं की ते फुकट जात नाही, ऊन त्याची वाफ करतं, ढग होतो आणि तेच परत डोंगरावर येतं. हळू बोललं की त्या मागून म्हणत नाहीत, हे मला तेव्हा उमगलं. दुसरीने विचारलं, मग मीठ कुठे जातं? तिसरीला वाटत होतं की नदी रात्री थांबत असेल. पुरुषांचा फराळ आटोपेपर्यंत मी त्या पाटीपाशीच होते. इतका आनंद मला कशानेच झालेला नाही, लग्नानेही नाही, मंगळागौरीनेही नाही.

शनिवार, ता. १९ ऑगस्ट

स्वारीला चहा देताना सगळं सांगितलं. माझ्यामागून कशा म्हणतात तेही आणि पाटीभोवतीचे प्रश्नही. म्हटलं, "त्यांना विचारायचं असतं. मला जाऊ द्यावं. सोमवारपासून."

स्वारीने नीट ऐकलं. डोळे चमकले. मला वाटलं, जिंकले.

"वा! प्रश्नोत्तरांच्या नळ्या! हे मला आधी का सुचलं नाही? मुली काय काय विचारतील ते तू आधीच आठव, मी लिहून घेतो. एका नळीवर एक उत्तर. मुलीने प्रश्न विचारला की पुतळाबाईंनी ती नळी लावायची. उद्या रविवार आहे, उद्याच बसू."

"पण त्या काय विचारतील ते मला तरी आधी कसं कळणार?"

"मुलीच त्या. विचारून विचारून काय विचारणार?"

वाईट हेतू नाही. मारत नाहीत, टाकून बोलत नाहीत, ह्या वाडीत असा नवरा दुसऱ्या कोणाचा नाही, हे मी रोज स्वतःला सांगते. पण आज मला ती चुकलेली पायरी सापडली. मी म्हणते "मला", आणि स्वारीला ऐकू येतं "माझा आवाज".

रविवार, ता. २० ऑगस्ट

माजघर बंद. फडकी हातांना. कर्णा तोंडाशी. स्वारीने चावी दिली, नळी फिरू लागली आणि मी तोंड उघडलं नाही.

आधी स्वारीला वाटलं, मी शब्द जुळवते आहे. मग म्हणाली, "हं, बोल." मग, "अगं, बोल ना. मीठ कुठे जातं ते सांग." मी कर्ण्याकडे बघत बसले. भीती वाटत होती, पण दात घट्ट मिटले होते. हाताचं एक फडकं सोडलं. मग दुसरंही. "बरं नाही का? अंबिका? नळी फुकट चालली आहे!" बाहेर सासूबाईंनी दार वाजवलं, काय झालं म्हणून विचारलं. नळी संपली, सुई टोकाला जाऊन घासत राहिली.

स्वारीने ती उचलून परत लावली. यंत्रात बिघाड आहे का ते पाहायचं असेल. कर्ण्यातून आधी खरखर आली. मग स्वारीचाच आवाज, "बोल. अगं, बोल ना." मग माझ्या बांगड्या. मग दारावरची थाप. मग पुन्हा, "अंबिका? नळी फुकट चालली आहे!" स्वारी खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकत होती. ह्या खेपेला शब्द ऐकत होती, असं मला वाटलं.

यंत्र थांबल्यावर म्हणाली, "आणि उद्या शाळेत काय पाठवायचं?"

"मला," मी म्हटलं.

स्वारीने यंत्राची चावी काढली. ती हातात फिरवत बसली. मग उठून दाराची कडी काढली आणि बाहेर ओटीवर जाऊन बसली. सासूबाई मला विचारताहेत की झालंय तरी काय, आणि पानं वाढू का. मी म्हटलं, वाढा.

दार अजून उघडंच आहे.